मन्मथअप्पांचं एक्स्चेंज

इंटरनेटवर आपण काही वेडंवाकडं लिहिलं तर ते काढून टाकणारी माणसं कुठंतरी सातासमुद्रापलीकडं बसलेली असतात म्हणे. आमच्या बोरीत तसं नाही. आमच्याकडं त्या कामाला एकच माणूस आहे, आणि तो पायी येतो.

सकाळी साडेसातला कडी वाजते. दारात मन्मथअप्पा उभे असतात. पांढरा पायजमा, त्यावर तसलाच नेहरू शर्ट, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि बगलेत एक लांबट रजिस्टर.

"तुमचं काल रात्रीचं एक वाक्य काढलंय," ते म्हणतात. "निरोप द्यायला आलो."

मग ते आत येतात, चपला उंबऱ्याशी जोडीनं लावतात, खुर्चीत बसतात आणि कोणतं वाक्य, ते का काढलं, त्याच्या जागी काय लिहिता आलं असतं, हे सगळं समजावून सांगतात. तोवर चहा होतो. तो ते बशीत ओतून पितात. निघताना त्यांचं ठरलेलं वाक्य असतं, "राग मानू नका. फॉल्ट लाईनीत असतो, माणसात नसतो."

माझं पहिलं वाक्य त्यांनी काढलं ते एका गाईवरून. मी इथल्या जनावरांच्या दवाखान्यात पर्यवेक्षक आहे. डॉक्टर नाही, पण गाव मला डॉक्टरच म्हणतं आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडलंय. एक शेतकरी पोट फुगलेली गाय तीन दिवसांनी घेऊन आला. मी चिडलो आणि रात्री लिहिलं, 'काही लोकांपेक्षा त्यांच्या गाईला जास्त अक्कल असते.' नाव कुणाचंच लिहिलं नव्हतं. सकाळी अप्पा हजर.

"नाव न्हाई लिहिलंत, पण गाय गावानं बघितली की," ते म्हणाले. "त्यापेक्षा असं लिहा, पोट फुगल्यालं जनावर त्याच दिवशी आणावं. गायपण वाचंल, मालकपण वाचंल."

मी तसंच लिहिलं. त्या शेतकऱ्यानं त्यावर 'बरोबर आहे' असं उत्तरही दिलं.

आता हे सगळं आम्ही लिहितो कुठं, ते सांगायला हवं. मन्मथअप्पांच्या घरी एक सर्व्हर आहे. म्हणजे फोनमध्ये उघडायचं, फोटो टाकायचे, लिहायचं, एकमेकांना उत्तरं द्यायची, हे सगळं इतर मोठ्या ठिकाणी चालतं तसंच, फक्त ते सगळं ज्या यंत्रात साठतं ते यंत्र अप्पांच्या मधल्या खोलीतल्या कोनाड्यात आहे. अप्पा त्याला सर्व्हर म्हणत नाहीत. ते त्याला 'एक्स्चेंज' म्हणतात. चौतीस वर्षं टेलिफोन खात्यात काढली त्यांनी. खांबावर चढणारा लाईनमन म्हणून लागले आणि गावच्या एक्स्चेंजमधून निवृत्त झाले. त्यामुळं आम्ही सभासद नाही, 'सबस्क्रायबर' आहोत. आम्ही लिहितो तो 'कॉल'. प्रत्येकाला नंबर आहे आणि अप्पा रस्त्यातही नंबरानंच हाक मारतात. मी सदतीस. "काय सदतीस, जेवलाव का?" असं भर बाजारात ऐकल्यावर माझ्या पाहुण्यांना मी कुठून तरी सुटून आलोय असं वाटतं.

हे यंत्र घरात यायचं कारण खांब.

निवृत्त झाल्यावर अप्पांनी टेलिफोनचे जुने खांब शोधायचा छंद लावून घेतला होता. बोरीपासून चारठाण्यापर्यंत स्कूटरवर फिरायचं, कुठं बांधावर, कुठं गोठ्याला टेकलेला एखादा लोखंडी खांब उभा दिसला की फोटो काढायचा आणि एका मोठ्या कंपनीच्या पानावर टाकायचा. एका दिवशी त्यांनी चाळीस खांब टाकले. संध्याकाळी कंपनीनं त्यांचं खातं बंद केलं. इतक्या वेगानं इतके खांब माणूस टाकणार नाही, हे कुणीतरी यंत्र चालवतंय, असा त्यांच्या यंत्राचा समज झाला.

"मशीननं मला मशीन समजलं!" ही गोष्ट सांगताना अप्पांचा आवाज अजूनही चढतो.

माणूस असल्याचं सिद्ध करा, असं पुढं आलं. नऊ चित्रं आली, त्यातली सिग्नल असलेली निवडायची होती. "आमच्या बोरीत सिग्नल न्हाई. मग मी माणूस न्हाई का?" तरी त्यांनी अंदाजानं निवडली. चुकली. मग त्यांनी फुलस्केपच्या दोन पानांवर अर्ज लिहिला, त्याचा फोटो काढून पाठवला. दोन सेकंदांत उत्तर आलं की आम्ही तुमच्या म्हणण्याचा काळजीपूर्वक विचार केला आहे आणि निर्णय कायम आहे.

"दोन पानं दोन सेकंदांत वाचली? खात्यात आमचे साहेब सही करायला आठ दिवस लावायचे, पण वाचायचे तरी!"

खांब गेले. त्यांच्यासोबत अकरा वर्षांचे बाकीचे फोटोही गेले. नातवाचं बारसं, मोठ्या भावाची एकसष्टी. अप्पा चार दिवस जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "दुसऱ्याच्या ओट्यावर बसलं की असंच. त्यानं झाडू मारायला घेतला की उठावंच लागतं. आपला ओटा पाहिजे."

त्यानंतरचे आठ महिने काकूंच्या शब्दांत 'वनवासाचे'. काकू म्हणजे अप्पांच्या पत्नी. अप्पांनी जिंतूरहून एक जुना कॉम्प्युटर आणला, त्याच्याबरोबर माहितीचे दोनशे छापील कागद आणले आणि डिक्शनरी घेऊन बसले. कॉम्प्युटर एकदा त्यांना म्हणाला, 'परमिशन डिनाइड.' अप्पा जागेवरून उठले. "माझ्या घरात? मलाच परवानगी न्हाई?" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला विचारा. मला तीस वर्षांची सवय हाय."

यंत्र सुरू झालं. त्याला ऊन लागू नये म्हणून खिडकीला जाड पडदा आला, गरम होऊ नये म्हणून घरातला एकुलता एक चांगला पंखा त्याच्याकडं वळला, लाईट गेली तर म्हणून इन्व्हर्टर आला. काकूंनी त्याचं नाव 'जावई' ठेवलं. "जावयाला वारा, आमाला घाम," असं म्हणत त्या रोज त्याच्यावरची धूळ मात्र न चुकता पुसायच्या.

गाव हळूहळू आलं. आधी गंमत म्हणून, मग सवयीनं. जाहिरात नाही, उगीच अनोळखी माणूस नाही. कुणाची म्हैस पान्हवत नाही, कुणाच्या घरी जात्यावरची डाळ विकायची आहे, कुणाला चारठाण्याच्या देवळातल्या खांबांचे फोटो टाकायचेत. अप्पांचे नियम भिंतीवर असावेत तसे वर ठळक लिहिलेले. दुसऱ्याकडून आलेलं पुढं ढकलू नये. सकाळचा नमस्कार तोंडी घालावा, त्याला फुलांचा फोटो लागत नाही. रागातलं लिहिणं तासभर ठेवून मग पाठवावं. आणि कुणाच्या कामावरून, कुणाच्या हातच्या कसबावरून त्याला चारचौघांत हिणवलं, तर पंधरा दिवस लाईन बंद.

वालूरच्या एका शिक्षिकेनं असंच छोटं यंत्र आपल्या शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांसाठी मांडलं. ही दोन यंत्रं एकमेकांशी बोलू शकतात, इकडचं तिकडं वाचता येतं, हे कळल्यावर अप्पांनी दोन्ही जोडली आणि त्या दिवशी घरोघर पेढा दिला. "ट्रंक लाईन चालू झाली," म्हणाले.

सगळ्यांनाच हे पटलं होतं असं नाही. सर्वांत मोठा विरोधक म्हणजे त्यांचा सर्वांत जुना दोस्त, रहीमभाई टेलर. सबस्क्रायबर क्रमांक चार. बाजारात दुकान, गळ्यात कायम टेप, तोंडात कायम टाचणी. टाचणी काढल्याशिवाय त्याला बोलता येत नाही आणि टाचणी काढली की तो थांबत नाही.

"मन्मथ, दुनिया कुठं चाललीया अन् तू कोनाड्यात काय मांडून बसलायस?" तो म्हणायचा. "तिकडं फुकट हाय, चोवीस तास चालू हाय. तुझ्याकडं बिजली गेली की खल्लास. अन् तू आजारी पडलास तर? चावी फक्त तुझ्या दिमागात."

"गावात पिठाची गिरणी हाय ना?" अप्पा म्हणायचे. "तीबी बंद पडती. म्हणून काय आपण दळण मुंबईला पाठवायलोत का?"

"गिरणीवाला घरी येऊन सांगत न्हाई, तुमच्या ज्वारीतला एक दाणा काढलाय म्हणून!"

मला दोघांचंही पटायचं. माझी बायको गंगाखेडला शिक्षिका, मी इथं एकटा. संध्याकाळी बाजारात या दोघांचं भांडण ऐकणं हाच माझा करमणुकीचा कार्यक्रम होता. तो असाच चालू राहिला असता, पण गेल्या उन्हाळ्यात वादळ आलं.

रहीमभाईच्या मुलीची मंगनी ठरली होती रविवारी. सेलूचे लोक. गुरुवारी दुपारी त्यांचा निरोप आला की आम्हाला शनिवारच सोयीचा आहे. रहीमभाईनं एवढे दिवस अप्पांशी वाद घातला होता, पण वेळ आली तेव्हा त्यानं बदललेला दिवस टाकला तो एक्स्चेंजवरच. 'मंगनी रविवारी न्हाई, शनिवारी दुपारी. सगळ्यांनी यावं, हेच आवतन समजावं.' हे टाकलं तेव्हा पाच वाजले होते. आणि तो आचारी, मंडप, बिर्याणीच्या मागं लागला.

साडेपाचला वादळ आलं. झाडं पडली, रोहित्र जळालं, गाव अंधारात गेलं. इन्व्हर्टरनं तासभर दम धरला, पण त्या तासात फोन बघायला कुणाला सवड नव्हती. शुक्रवारी अप्पांनी ट्रॅक्टरची बॅटरी लावून बघितली, तीही घटकाभरात बसली. शनिवारी पहाटेच ते नवी बॅटरी आणायला परभणीला गेले. रहीमभाईचा कॉल त्यांनी स्वतःही वाचला नव्हता. निम्म्या गावाचे फोन बंद, उरलेल्यांना रविवारच माहीत.

शनिवारी दुपारी मुलाकडचे चाळीस लोक आले. मुलीकडून होते अकरा, त्यात मी एक, आणि तोही मंडपाशेजारी एका बैलाला इंजेक्शन द्यायला गेलो होतो म्हणून. शंभर माणसांची बिर्याणी. सेलूचा एक म्हातारा हसत म्हणाला, "काय टेलरसाब, गावात तुमचं फारसं येणंजाणं दिसत न्हाई." रहीमभाई हसला. मी त्याच्या शेजारीच उभा होतो. इतकं वाईट हसणं मी फार कमी बघितलंय.

रविवारी लाईट आली, यंत्र सुरू झालं, आणि रहीमभाईचा नवा कॉल आला. तासभर ठेवला नव्हता, उघड होतं. 'ज्याला दोन दिवस दिवा सांभाळता येत न्हाई त्यानं गावाचा कारभार कशाला घ्यावा? माझ्या पोरीच्या दिवशी माझी इज्जत गेली. माझा दोस्तपण आला न्हाई.'

अप्पांना हे फार लागलं असणार. कारण त्यांनीही तासभर ठेवलं नाही. त्यांनी लिहिलं, 'रहीम टेलरनं आधी स्वतःचं माप बघावं. तीस वर्षांत माझ्या एकाही पायजम्याचे दोन पाय सारखे भरले न्हाईत.'

बोरी हसली. वाईट हेतूनं नाही, पण हसली. संध्याकाळपर्यंत वालूरचेही हसले, ट्रंक लाईन होतीच. दुसऱ्या दिवशी दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक आपला पायजमा पायाशी जुळवून बघत होतं. रहीमभाईनं अकराला शटर ओढलं.

त्या सकाळी माझी कडी वाजली होती. अप्पा. रोजच्यासारखे आत आले, पण चपला वाकड्याच काढल्या.

"सदतीस, एक वाक्य काढायचंय."

"माझं?"

"माझं."

त्यांनी रजिस्टर माझ्यापुढं ठेवलं, वर एक पाकीट. पाकिटात पासवर्ड होता. "नियम हाय. कसबावरून हिणवलं की पंधरा दिवस लाईन बंद. एक नंबरची लाईन बंद करा. चालवा तुमी."

"अहो, नियम तुम्हीच केलाय. माफी लिहा आणि सोडून द्या."

"मीच केलाय म्हणून तर."

"पण मीच कामून? मला यातलं काय कळतं?"

ते म्हणाले, "तुमी जनावरांत असता. जनावर तोंडदेखलं बोलत न्हाई. तुमाला ती सवय लागल्याली न्हाई अजून."

आणि माझ्या हातानं त्यांनी स्वतःची लाईन बंद करवून घेतली. खाली सूचना टाकायला लावली, 'सबस्क्रायबर क्रमांक एक यांची लाईन नियमाप्रमाणे पंधरा दिवस बंद आहे.' रहीमभाईच्या घरी ते स्वतः जाऊन आले. दार उघडलं नाही.

पुढचे दिवस मी एक्स्चेंज चालवलं आणि असलं काम सामान्य माणसानं करावं का, या प्रश्नाचं उत्तर मला पहिल्याच आठवड्यात तीन वेळा बदलावं लागलं. एका घरी मी वाक्य काढल्याचा निरोप द्यायला गेलो, तर त्या बाईंनी मला दारातच उभं करून ते वाक्य तोंडी पुन्हा ऐकवलं. आणखी दोन वाढवून. दुसऱ्या घरी चहा नाही मिळाला. मोठ्या कंपनीचं बरं असतं, असं मला वाटलं. त्यांना कुणाच्या घरी जावं लागत नाही. माझ्या घरासमोरच अप्पांचं घर; अप्पा दिवसभर ओट्यावर बसलेले. काकू म्हणायच्या, "जावयाला दुसराच जेवू घालायलाय अन् हे बसलेत रस्त्यातली माणसं मोजत."

एका दुपारी दवाखान्यात गर्दी नव्हती म्हणून मी रजिस्टर चाळायला घेतलं. पुढच्या बाजूला काढलेल्या वाक्यांची नोंद होती, कारणांसकट. ती मला माहीत होती. पण ते मागच्या बाजूनंही लिहिलेलं होतं. तिथं वेगळे रकाने आखले होते. कॉल कुणाचा. काय म्हणाले. किती वेळ वाजला. कुठं गेलो. किती उत्तरं.

पहिलीच नोंद होती, 'कोंडाबाई. गुडघा लय दुखतो असं लिहिलं. एक दिवस वाजला, कुणी उचलला न्हाई. चार घरी गेलो. सहा उत्तरं.'

त्याखाली, 'निवृत्त पोस्टमन. कविता. सकाळपासून वाजली. कविता बरी न्हाई, पण वाजून वाजून बंद पडणं बरं न्हाई. पाच घरी गेलो. तीन उत्तरं. दोघांनी नकार दिला, कविता वाचली म्हणून.'

मी पानं उलटत गेलो. तीन वर्षांच्या नोंदी. कुणी काही लिहिलं आणि त्याला कुणीच उत्तर दिलं नाही, की अप्पा चपला घालून निघायचे. कुणाला सांगायचे नाहीत कशासाठी. माझ्याही दारात ते वाक्याचं काम नसताना कितीदा तरी यायचे, इकडचं तिकडचं बोलायचे, आणि उठता उठता म्हणायचे, "कोंडाबाईनं काल गुडघ्याचं लिहिलंय, बघितलं का?" मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, गप्पा मारायला आलाय. मग मी सहज दोन ओळी लिहायचो.

माझा नंबर सापडला. 'सदतीस, जनावरांचे. नवीन. गावात चांगली खानावळ कुठाय असं विचारलं. पाच तास वाजला. सात घरी गेलो. नऊ उत्तरं, एक जेवायचं आवतन.'

तो दिवस मला चांगलाच आठवतो. बदली रद्द करून घ्यायचा अर्ज लिहून तयार होता. संध्याकाळी फोन उघडला तर नऊ अनोळखी माणसं मला कुठं काय चांगलं मिळतं ते सांगत होती आणि एक बाई लिहीत होत्या की खानावळीचं उद्या बघा, आज आमच्याकडं या. मी अर्ज फाडला. गाव फार प्रेमळ आहे, असं बायकोला फोनवर सांगितलं. गाव प्रेमळ आहेच. पण त्या दिवशी भर उन्हात सात घरांच्या कड्या वाजवल्या गेल्या होत्या, हे मला तीन वर्षांनी कळत होतं.

मी तसाच बसलेलो असताना रहीमभाई आला. पंधरा दिवसांतला दहावा दिवस असेल.

"डॉक्टर, चार नंबर काढून टाका," तो म्हणाला. तोंडात टाचणी नव्हती.

मी मागचं पान शोधलं आणि रजिस्टर त्याच्यापुढं केलं. मागची बाजू दाखवायची परवानगी मला कुणी दिलेली नव्हती, पण कुणी मनाईही केली नव्हती.

'चार, रहीम. शेरवानीचा फोटो टाकला. दिवसभर वाजला. अकरा घरी गेलो. चौदा उत्तरं. एका घरी भांडण झालं, शेरवानी साधी हाय म्हणाले. काजं हातानं केल्यालीत हे त्यांना दाखवून दिलं.'

रहीमभाईनं ते दोनदा वाचलं. मग तो शेजारच्या पेंडीच्या पोत्यावर बसला.

"अकरा घरं?"

"तसं लिहिलंय."

त्यानं गळ्यातली टेप बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाला, "डॉक्टर, तुमाला एक सांगतो. कुणाला बोलू नका. मन्मथचा डावा पाय आखूड हाय."

"काय?"

"जवानीत खांबावरून पडल्ता. हाड जुळलं, पण अर्धा इंच कमी जुळलं. त्याला वाटतं, पाय बरोबर झाला. पहिल्याच पायजम्याला माझ्या टेपवर ते आलं. त्याचं नवंनवं लगीन झाल्यालं. मी काय बोलणार? मी डावा पाय अर्धा इंच कमी कापला, म्हणजे चालताना दोन्ही कडा सारख्या दिसत्यात, कुणाच्या ध्यानात येत न्हाई. तवापासून तसाच कापायलो. दोरीवर वाळत घातल्यावर दिसतं. त्याला मी काय करू?"

"मग आता तरी सांगा ना त्यांना! सगळं गाव तुमच्या मापाला हसलंय."

"तीस वर्षं न्हाई सांगितलं. आता कायको सांगू?" तो उठला, पोत्याचा भुसा झटकला. "नंबर राहू द्या."

संध्याकाळी पाचला दवाखाना बंद करून मी घराकडं आलो तर रहीमभाई अप्पांच्या ओट्यावर बसलेला. दोघं शेजारी शेजारी, दोघांची तोंडं रस्त्याकडं. मला बघून रहीमभाई म्हणाला, "या डॉक्टर, बसा. मी याला म्हणायलो, सेलूवाल्यांना शुक्रवारी परत जेवायला बोलावलंय. यावेळी मशीन न्हाई, यानंच घरोघरी जाऊन सांगायचं."

"माझी लाईन बंदच हाय," अप्पा म्हणाले. "तसाबी मी मोकळाच हाय."

त्याचं पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. शुक्रवारी दीडशेवर माणसं आली, बिर्याणी कमी पडली आणि सेलूचा तो म्हातारा जागा नाही म्हणून अर्धा तास उभा होता. रहीमभाई त्या दिवशी अगदी मनापासून हसत होता. पंधरा दिवस पूर्ण झाल्यावरच अप्पांनी लाईन चालू करून घेतली, एक दिवस आधी मी करू लागलो तर ऐकलं नाहीत. पासवर्डाचं पाकीट आता तीन घरी आहे, त्यातलं एक रहीमभाईच्या शिलाई मशीनच्या खणात. विरोध मात्र त्यानं सोडलेला नाही.

पण मला सांगायचंय ते त्या संध्याकाळचं.

रहीमभाईनं विचारलं, "मन्मथ, एका फोटूसाठी अकरा घरं कशाला फिरलास?"

अप्पांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मला माझी लाईन कायमची बंद होणार असं वाटलं. मग ते हळू आवाजात बोलायला लागले.

"माझ्या नोकरीची शेवटची दोन-तीन वर्षं तुमी खात्याचं एक्स्चेंज बघितलं न्हाई. आधी चारशे लाईनी होत्या. आत पाऊल टाकलं की खडखडाट असायचा, मधमाशांच्या पोळ्यावानी. मग मोबाईल आले. लोक येऊन फोन जमा करून जायचे. एकेकाची लाईन मीच तोडायचो, ह्याच हातानं. शेवटी दहाबारा राहिल्या, त्याबी कचेऱ्यांच्या, अन् एक आमच्या घरची. सकाळी जायचं, झाडून घ्यायचं, बसायचं. आठ घंटे. एक घंटी न्हाई. माणसाला वाटतं, यंत्रच बिघडलं असंल. मग मी दुपारी घरी फोन लावायचो. ही उचलायची. मी म्हणायचो, एक्स्चेंजमधून बोलायलो, लाईन तपासायलो. अन् ठेवून द्यायचो. कुणीतरी उचललं एवढं कळलं की दिवस निघायचा."

काकू चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांनी तीन बश्या खाली ठेवल्या.

"लाईन तपासायलो म्हणे," त्या म्हणाल्या. "मला काय कळत नव्हतं व्हय? रोज तीनला. मी पावणेतीनलाच निवडायला तांदूळ घेऊन फोनापाशी येऊन बसायचे."

अप्पा वळून त्यांच्याकडं बघायला लागले. "मग पाच-पाच घंट्या वाजू कामून द्यायचीस?"

"लगेच उचलला असता तर तुमाला कळलं असतं," काकू पदरानं हात पुसत म्हणाल्या, "की मी वाटच बघायले."

अप्पांनी बशी उचलली आणि तशीच धरून ठेवली. रहीमभाई एकदम उठला आणि समोरच असलेल्या चपला शोधायला लागला. मीही उठलो.